आंधळीचे पांढरे डोळे

“डोळा उघड!” यादोराव कापगते ओरडला.

“नाई उघडत,” इंद्रकला म्हणाली.

“नाई उघडत म्हणजे? दुकानाचं शटर आहे का ते?”

“मग तुम्हीच उघडून पाहा ना जी.”

आणि त्या माणसानं खरोखरच पुढं होऊन अंगठ्यानं तिची पापणी वर सरकवली. पोरगी अशी किंचाळली की बाहेर पटाच्या मैदानात जुंपलेल्या बैलजोड्या मटकन खाली बसल्या. खोटं वाटेल. वाटू द्या. माझ्या निम्म्या गोष्टी खोट्याच असतात आणि मी त्या छाती काढून सांगतो. पण या गोष्टीत मी बैलांपुरतं आणि फार तर जीपपुरतं खोटं बोलणार आहे. माणसांबद्दल बोलताना मला खोट्याची गरजच पडणार नाही. त्यांनी काही बाकीच ठेवलं नव्हतं.

आम्ही वडशाच्या कापगत्यांच्या नाटक कंपनीतले नट. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव शंकरपट भरतात. दिवसा बैल पळवायचे आणि रात्री नाटक पाहायचं, ही तिथली रीत. नाटक नसेल तर पटाला आलेले पाहुणे जावयासारखे रुसतात. कंपनीचा निर्माता यादोराव. नायिका इंद्रकला ठवरे. आणि मी वासुदेव नाकाडे, खलनायक. माझं काम इतकं वठायचं की एका गावी एका म्हातारीनं मला चप्पल फेकून मारली आणि सकाळी ती चप्पल परत मागायला आली.

त्या साली आमचं नाटक होतं ‘आंधळीची ओवाळणी’. पहिल्या अंकात मी नायिकेला आंधळी करायचो, दुसऱ्यात तिचं शेत लाटायचो, आणि तिसऱ्यात देवीची आरती करता करता तिचे डोळे परत यायचे. असली नाटकं आमच्याकडं पुष्कळ. पण यादोरावांच्या डोक्यात किडा शिरला. नागपूरला कुठल्याशा लग्नात त्यांनी मांजरासारख्या हिरव्या डोळ्यांची नवरी पाहिली, चौकशी केली आणि नवरीला नटवणाऱ्या बाईच्या दुकानातून लेन्सची एक जोडी उचलून आणली. हिरवी नाही, पांढरी. पांढरीफेक, मधे सुईच्या टोकाएवढं छिद्र. डब्बीवर कुणालाही वाचता न येणाऱ्या लिपीत काहीबाही लिहिलेलं.

“हे डोळ्यात घालायचं?” इंद्रकलानं विचारलं होतं.

“तर का कानात घालतेस?” यादोराव म्हणाले होते.

पहिल्याच प्रयोगाला ती पांढरे डोळे लावून काठी टेकत विंगेतून बाहेर आली आणि बायांच्या बाजूला रडारड सुरू झाली. खरी गंमत तिसऱ्या अंकात. आरतीचं ताट हातात घेऊन ती प्रेक्षकांकडं पाठ करून देवीसमोर उभी राहायची. ढोलकी चढायची, घंटा वाजायची, ऊद धुमसायचा. तेवढ्यात ती ताट एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटानं दोन्ही लेन्स काढायची आणि गर्रकन वळायची. काळेभोर डोळे! मंडप उठून उभा राहायचा. मी मेलेला खलनायक रंगमंचावर पालथा पडलेलो, पण माझ्याही अंगावर काटा यायचा.

आता तुम्ही विचाराल, वळताना पुन्हा दोन्ही हातात ताट, पदराला पिना, मग काढलेल्या लेन्स ती ठेवायची कुठं?

तोंडात.

गालात सरकवायची आणि वर शेवटचं गाणं म्हणायची. एक ओळ चुकायची नाही. आम्ही नट तिच्या या करामतीवर खूश. “इंदे, तुह्या गालात तर पेटी-तबलाबी मावंल,” असं आम्ही म्हणायचो. पडदा पडला की लेन्स ग्लासभर पाण्यात. पाणी ज्या गावचं त्या गावच्या विहिरीचं. आणि पहाटे मॅटॅडोरमध्ये बसून पुढच्या गावाला. कधी थकव्यानं ती दुसऱ्या अंकाच्या आधीच लेन्स लावून बसल्या बसल्या झोपायची, कधी काढायचा कंटाळा करून तशीच प्रवास करायची. नटाला मुकुट, मिशा आणि लेन्स सारखंच. आज माझी मिशी उद्या तुझ्या ओठावर. कुणी धुतो का मिशी?

मग एका सकाळी तिचा उजवा डोळा लाल झाला. यादोराव म्हणाले, “डोळे आले.” आम्हीही म्हणालो, डोळे आले. कुणी गुलाबपाणी आणलं, कुणी मध सुचवला. यादोराव औषधाच्या दुकानातून थेंबांची एक बाटली घेऊन आले. दोन थेंब पडले की लाली ओसरायची, ठणका थांबायचा, आणि रात्री पुन्हा त्याच डोळ्यात पांढरी लेन्स. असं काही दिवस चाललं. मग थेंबांनी ऐकणं सोडलं. डोळा ठणकायला लागला, उजेड सोसेना. ती पदर डोक्यावरून ओढून कोपऱ्यात तोंड करून बसू लागली. आणि पटाच्या त्या मोठ्या गावी, जिथं वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी जमायची, तिथं डोळा उघडेचना.

पडवीत आम्ही तिघंच. बाहेर दुपारचं रणरणतं ऊन आणि ‘हुर्रे’च्या आरोळ्या.

यादोरावांनी अंगठा काढण्याआधीच माझी नजर त्या डोळ्यात गेली. आत सगळं रक्ताळलेलं, आणि काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका.

“यादोभाऊ, लेन्स काढलीच नाई का हिची?” मी विचारलं.

“रात्रीच काढली, दादा,” इंद्रकला म्हणाली. “ग्लासात आहे.”

मी ग्लासात पाहिलं. दोन्ही लेन्स पाण्यात पडलेल्या होत्या. म्हणजे तो ठिपका तिच्या डोळ्याचाच होता.

“हिले ब्रह्मपुरीले नेतो,” मी म्हणालो.

“उद्या ने.”

“आत्ता.”

“नाकाडे, तू पहिल्या अंकाचा खलनायक आहेस, माह्या घरचा नाई! आज रातची बुकिंग कितीची आहे माहीत आहे तुले? अजून दोन थेंब टाकू. आज डोळा मिटूनच लेन्स सरकवू. तसंबी आंधळीच आहे ना नाटकात!”

“मले नाई दिसत या डोळ्यानं,” इंद्रकला हळूच म्हणाली.

“मंग तर अजूनच चांगलं काम होईल!” आणि तो हसला. स्वतःच्या विनोदावर हसला हो तो.

माझं टाळकं सणकलं. आयुष्यभर मी रंगमंचावर नायिकांची शेतं लाटली, विहिरीत विष कालवलं, सावत्र आईला भरीस घातलं. पण हे वाक्य कुठल्याही लेखकानं मला लिहून दिलं नव्हतं. दिलं असतं तर मी म्हणालो असतो, एवढा हलकट माणूस लोकांना पटणार नाही, जरा कमी करा.

मी तिचा हात धरला. यादोराव दारात आडवा झाला.

“मॅटॅडोरची चाबी माह्याजवळ आहे.”

“ठेवा. पूजा करा तिची.”

पडवीबाहेर जाहिरातीची जीप उभी होती, टपावर दोन भोंगे, दोन्ही बाजूंना इंद्रकलाचे पांढऱ्या डोळ्यांचे फोटो. ती चालवणारा पोरगा प्रचार करून जेवायला गेला होता आणि चावी तशीच लटकत होती. ती जीप इतकी म्हातारी की रस्त्यात बकऱ्या तिला मागं टाकून जात आणि कीव येऊन परत पाहायला येत. मी इंद्रकलाला बसवलं, तिच्या डोक्यावर माझा गमछा टाकला आणि जीप सुरू केली. झटक्यासरशी भोंगेही सुरू झाले.

रस्ता पटाच्या गर्दीतूनच. बैल, पोरं, खेळण्यांची दुकानं, कुठून वाट काढायची? मी माइक उचलला.

“मंडळी, बाजूला व्हा! आजचा खेळ रद्द! आंधळीच्या नायिकेचा डोळा खराखुरा जाऊन रायला! आम्ही दवाखान्यात चाललो! बाजूला व्हा!”

गर्दी थबकली. मग एक माणूस ओरडला, “वा रे वा! काय जाहिरात आहे!”

टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या.

“जाहिरात नोहे, बाप्पा! खरं सांगतो!” मी माइकमध्ये ओरडलो.

“खलनायक आहे तो! नाकाडे! ए नाकाडे, काय केलं बे तिच्या डोळ्यात?”

“दाखव ना बाई डोळा! एकदा दाखव!”

दहा-वीस जण जीपला लटकले. एका पोरानं गमछा ओढला. इंद्रकलानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला, तर तेही लोकांना अभिनय वाटला. “पाहा, काय रडते! अशी नायिका होणे नाही!” मागून यादोराव धोतर सावरत धावत येत होता आणि मोठमोठ्यानं ओरडत होता, “रात्री नऊ वाजता, मंडळी! तिकिटं आत्ताच घ्या!”

त्या क्षणी मला जे वाटलं ते इथं छापता येणार नाही. मी माइकमध्ये जे बोललो तेही छापता येणार नाही. एवढंच सांगतो की त्या गावात नंतर कितीतरी दिवस पोरांना शिव्या शिकवायची गरज पडली नाही. त्या शिव्यांनी मात्र काम केलं. लोक हसत हसत बाजूला झाले आणि जीप निघाली.

वाटेत इंद्रकला एकदाच बोलली.

“दादा, नाटकात देवी डोळे देते. दवाखान्यात देतात का?”

“नाटकात मी तुह्ये डोळे काढतो,” मी म्हणालो. “दवाखान्यात माह्यासारखा कोणी नसंल, एवढं खरं.”

ब्रह्मपुरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर लांजेवारबाई होत्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण नजर सासूची. त्यांनी खोलीचे पडदे ओढले, इंद्रकलाची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यात एक थेंब टाकला आणि बारीक उजेड सोडून पाहू लागल्या. जितका वेळ पाहिलं तितका वेळ त्यांचा चेहरा आवळत गेला.

“किती दिवस झाले?”

“बरेच झाले, मॅडम. डोळे आले होते,” मी म्हणालो.

“डोळे आले की पापण्या चिकटतात, पाणी येतं, चिकट घाण येते. असा ठणका लागत नाही, उजेड असा टोचत नाही, नजर जात नाही. ही बुबुळावरची जखम आहे. जंतूंनी खाल्लंय ते. लेन्स वापरता?”

इंद्रकलानं मान हलवली.

“नंबरची?”

“आंधळीची,” ती म्हणाली.

मग मला सगळं सांगावं लागलं. नाटक, देवी, आरती, पांढरे डोळे. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या.

“काढल्यावर कशात ठेवायच्या? त्याचं वेगळं पाणी मिळतं, ते दिलं होतं?”

“काढल्यावर... तोंडात,” इंद्रकला म्हणाली.

“कशात?”

“तोंडात, मॅडम. हात रिकामे नसतात ना. गाणं असते.”

 डॉक्टरीणबाईंची नजर तिच्या दातांवर गेली. झाडीपट्टीतला माणूस, सुपारी-तंबाखूचा खर्रा कुणाच्या तोंडात नसतो?

“खर्रा खाता?”

“थोडासा.”

“म्हणजे ज्या तोंडात खर्रा, त्याच तोंडात लेन्स?”

“नाई नाई, मॅडम!” इंद्रकला घाईघाईनं म्हणाली. “खर्रा डाव्या गालात. लेन्स मी दुसऱ्या गालात ठेवत होती.”

मला हसू फुटलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की हसू जागच्या जागी गोठलं.

“आणि घरी काय टाकलं?”

मी खिशातून थेंबांची बाटली काढून दिली. त्यांनी नाव वाचलं आणि बाटली टेबलावर इतक्या जोरात आपटली की झाकण उडालं.

“कुणी दिलं हे?”

“मालकानं.”

“यानं लाली जाते, बरं वाटतं, आणि आत जंतूंना मोकळं रान मिळतं! बाहेर रंगरंगोटी केली आणि आत घर जळू दिलं! आज रात्री त्या लेन्सखाली हा डोळा गेला असता तर बुबुळाला भोक पडलं असतं. कळतंय का? भोक. मग माझ्याकडं आणूनही उपयोग नव्हता. रंगीत लेन्स काय टिकली-पावडर आहे? डोळ्याचं माप घेऊन, तपासून द्यायची गोष्ट ती. हात धुवून घालायची, झोपताना काढायची, पाणी लागू द्यायचं नाही. आणि तुम्ही विहिरीत बुडवून, थुंकीनं भिजवून...”

त्या थांबायला तयार नव्हत्या. मला पहिल्यांदाच बरं वाटलं. आपल्याइतकं चिडलेलं आणखी कोणीतरी या जगात आहे, याचंही एक सुख असतं.

त्यांनी जखम खरवडून नमुना तपासायला पाठवला. तासातासाला औषध सुरू झालं. इंद्रकला दवाखान्यातच राहिली. मी नाटक सोडून तिच्या उशाशी बसलो. तिला दुसरं कोणी नव्हतं आणि मला एक यादोराव पुरे झाला होता. तिचा वेळ जावा म्हणून मी तिला थापा मारायचो. वाघाच्या डोळ्यातला मोतीबिंदू मी बोरीच्या काट्यानं काढला, आणि तो वाघ दर दिवाळीला भेटायला येतो, असं सांगितलं.

“फराळ देता का त्याले?” ती पट्टीखालून विचारायची.

“चकली आवडते त्याले.”

तेव्हा ती थोडी हसायची. मग हसता हसता डोळा दुखायचा, आणि मी पुन्हा मनातल्या मनात यादोरावाचा गळा धरायचो.

डोळा राहिला. फुटला नाही, काढावा लागला नाही. पण जखम भरली तिथं फूल पडलं. बुबुळावर पांढरं, स्वच्छ दिसणारं फूल. त्या डोळ्यानं तिला माणूस उभा आहे एवढं कळायचं, तो कोण ते कळायचं नाही.

शेवटच्या तपासणीच्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवलं. आता त्या चिडलेल्या नव्हत्या.

“बुबुळ म्हणजे घड्याळाची काच समज. तुझ्या काचेवर ओरखडा पडला, ती खडबडीत झाली, म्हणून आतलं चांगलं असून दिसत नाही. आता दोन गोष्टी करता येतील. एक कडक लेन्स असते. ती मापानं बसवली की खडबडीतपणा झाकला जातो. पूर्ण नाही, पण बरंच दिसेल. मात्र फूल तसंच राहील, लोकांना दिसेल. दुसरी मऊ, काळ्या रंगाची लेन्स. ती फूल झाकेल. डोळा पहिल्यासारखा सुंदर दिसेल. पण नजरेत फरक पडणार नाही.”

“लेन्स?” इंद्रकला उठूनच उभी राहिली. “पुन्हा लेन्स?”

“लेन्सनं तुझा डोळा खाल्ला नाही, बाई. ज्यांनी ती कशी वापरायची ते सांगितलं नाही, त्यांनी खाल्ला. मी शिकवीन. सवड घेऊन ठरव.”

ती खाली बसली. 

“म्हणजे लोकाइले दिसासाठी घालू का मले दिसासाठी, असं विचारून रायल्या तुम्ही?”

“तसंच समज.”

ती नटी होती. तिचा चेहरा हीच तिची शेती. एका डोळ्यात फूल पडलेली नायिका कोणती कंपनी उभी करेल?   तेवढ्यात दार ढकलून यादोराव आत आला. हातात हार, मागं पटाच्या त्या गावचे दोन पुढारी.

“इंदे! कशी आहेस? पाहू, पाहू!” त्यानं तिची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडं वळवला. त्याचे डोळे लकाकले. “वा! काय फूल पडलं आहे! एक नंबर! शेवटच्या रांगेतूनबी दिसंल! पाहा मंडळी, आता नाटक नाई, सत्य!”

पुढारी वाकून वाकून पाहू लागले. एकानं तर चष्मा पुसला.

“पण यादोभाऊ, दुसरा डोळा काळाच आहे,” तो म्हणाला.

“त्यात काय! त्यात लेन्स घालू ना! एकच लागंल आता, खर्च अर्धा. जुनी जोडी आहे माह्याजवळ, पाण्यातच ठेवली आहे मी, फेकली नाई.”

पाण्यात ठेवली आहे. तो हे ज्या अभिमानानं म्हणाला तो अभिमान मी आजवर विसरलो नाही. मी उठलो. माझे हात यादोरावाच्या गळ्याच्या दिशेनं निघाले होते, खरेखुरे. या वेळी पडदा पडायची वाट पाहणार नव्हते. पण इंद्रकलानं मला अडवलं.

“थांबा दादा. हे माह्यं काम आहे.”

ती यादोरावासमोर उभी राहिली आणि तिनं हात उगारून त्याच्या तोंडात लगावली.

लागली नाही. एका डोळ्यानं अंतर कळत नाही हो. हात त्याच्या नाकासमोरून वाऱ्यासारखा निघून गेला आणि ती झोक जाऊन टेबलावर आपटली.

यादोराव हसला. “पाहा! याच्यासाठीच म्हणतो, आंधळीचंच काम कर. तुले दुसरं जमणार आहे का आता?”

पुढारीही हसले. डॉक्टरीणबाईंची खुर्ची करकरली.

इंद्रकला सावरली. शांतपणे एक पाऊल पुढं झाली. डावा हात पुढं करून तिनं यादोरावाचा गाल चाचपला, हळूच, आंधळी माणसं जवळच्याचा चेहरा चाचपतात तसा. हनुवटी, मग गाल, मग कान. यादोरावाला वाटलं पोरगी वळली. तो हसत हसत वाकलाच थोडा. तिनं डावा तळहात त्याच्या कानाजवळ घट्ट ठेवला, चेहरा जागेवर धरून ठेवावा तसा.

आणि उजवा हात आला.

आमच्या नाटकात थप्पड मारली की विंगेत उभा असलेला कोणीतरी टाळी वाजवतो. समोरचा फक्त मान झटकतो. मी आयुष्यात अशा कितीतरी थपडा खाल्ल्या, एकही लागली नाही. त्या सकाळी विंगेत कोणी नव्हतं.

हार खाली पडला. यादोराव गाल धरून भिंतीला टेकला. पुढाऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि दोघंही दाराकडं सरकले.

“लागली का, दादा?” इंद्रकलानं विचारलं.

“लागली.”

“कुठं?”

“गालावर. मधोमध.”

तिनं मान हलवली आणि डॉक्टरीणबाईंकडं वळली.

“कडकवाली द्या, मॅडम.”